गहाण ठेवलेले घर

"कंपनीने काढला नाही, म्हणजे हौसेखातरच केलेला असणार ना?" इमोजन हीप या ब्रिटिश गायिकेचा 'स्पीक फॉर युअरसेल्फ' हा अल्बम ऐकत असताना आज एका मित्राने सहज विचारले, आणि तो प्रश्न दिवसभर मनात सलत राहिला.

या अल्बमच्या खर्चासाठी तिने आपले घर गहाण ठेवले, गीतलेखनापासून ध्वनिनिर्मितीपर्यंतची बहुतेक कामे स्वतः केली आणि २००५ साली तो स्वतःच्याच 'मेगाफोनिक' या लेबलवरून प्रकाशित केला. एरवी सिंथेसायझरच्या सुरांनी भरलेल्या या अल्बममधील 'हाइड अँड सीक' या गाण्याला मात्र वाद्यांची साथच नाही. आहे तो केवळ तिचा आवाज आणि यंत्राच्या साहाय्याने त्याच आवाजातून उभे केलेले सुरांचे थर. मधले श्वाससुद्धा तिने पुसलेले नाहीत, आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटतात.

दुसऱ्या कोणाची परवानगी घ्यावी लागली असती, तर हे गाणे असेच राहिले असते का?