बुळबुळीत पाणी

सकाळी सव्वासातला गेटवरून सिक्युरिटीचा फोन आला. "मॅडम, खालच्या वस्तीतली एक म्हातारी आलीय. बाटली दाखवायचीय म्हणते. उद्या ये म्हटलं तर इथंच बसलीय."

आमची साइट म्हणजे धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची घरं. त्या दिवशी तीन नंबरच्या इमारतीचा पहिला स्लॅब होता. स्लॅबच्या दिवशी साइटवर पर्यावरणवाल्या माणसाला कोणी विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर कोणाच्या पायात येऊ नये अशी माझीच इच्छा असते. मिक्सर एकामागे एक लागलेले, पंपाचा पाइप वर चढवलेला, सुपरवायझरचा घसा सकाळीच बसलेला. रात्री एक सर येऊन गेली होती आणि ढग अजून हलले नव्हते.

म्हातारी गेटच्या कट्ट्यावर बसली होती. मांडीवर कोल्ड्रिंकची जुनी प्लॅस्टिकची बाटली, आत चहाच्या रंगाचं पाणी. मी तिला केबिनमध्ये आणलं, खुर्ची दिली, बाटली टेबलावर ठेवली आणि माझं नेहमीचं सुरू केलं. मावशी, पाऊस झालाय, भरावाची माती नवीन आहे, थोडं गढूळ येणारच. आम्ही खाली कापडी कुंपण घातलंय, गाळटाकी बांधलीय, दर आठवड्याला पाणी तपासतो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पावसात गढूळ असतंच गं," ती म्हणाली. "एवढं कळतं आम्हाला."

मग काय, असं विचारणार तेवढ्यात कोणीतरी बोलावलं आणि मी उठले. वीसेक मिनिटांनी परत आले तेव्हा ती तशीच बसून होती आणि बाटलीतलं पाणी निवळलं होतं. वर स्वच्छ पाणी आणि तळाला बोटभर गाळ, मधली रेघ आखल्यासारखी.

तिथं मला चुकल्यासारखं झालं. ही साइट चिकणमातीची आहे, तिचा गाळ असा बसत नाही. बारीक वाळूचा कण मीटरभर पाण्यात दोन मिनिटांच्या आत तळाला जातो. चिकणमातीचा 2 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा कण तेवढंच अंतर उतरायला तीन दिवसांहून जास्त घेतो. म्हणून तर आमच्या गाळटाकीवरून ठेकेदाराशी एवढे वाद झाले होते. तो म्हणायचा टाकी लहान करा, मी म्हणायची मोठी करा, कारण हे पाणी लवकर निवळतच नाही. आणि इथं तुरटी न फिरवता वीस मिनिटांत निवळलं. त्यात मातीचे कण एकमेकांना चिकटवणारं काहीतरी होतं. तुरटी ते काम करते, तसा चुनाही करतो.

खणातून पीएचच्या, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते दाखवणाऱ्या पट्ट्या काढल्या. एक बाटलीत बुडवली. पट्टी हिरवी होऊन थांबेल असं वाटत होतं, ती गडद निळी होऊन जांभळ्याकडे झुकली. रंगांच्या तक्त्याशी लावून पाहिलं, 11. दुसरी बुडवली, तेच. आमच्या ओढ्याचा पीएच 8 च्या आसपास असतो. हे आकडे शेजारी शेजारी लिहिले की किरकोळ वाटतात, पण पीएचची एक पायरी म्हणजे दहापट. 8 चं 11 झालं म्हणजे पाण्यातला हायड्रॉक्साइड हजारपट झाला.

"मावशी, हे कुठून भरलं?"

"धुण्याच्या दगडापासनं. पाणी बुळबुळीत लागतं तिथं. साबण लावायच्या आधीच हात सटकतात." तिनं तळवे पुढे केले. बोटांच्या पेरांवर चिरा होत्या, काही ओल्या. "हे तुमच्या वहीत लिहून दिलंय मी. तीनदा."

तिला बसायला सांगून मी छत्री घेऊन निघाले. वहीचं नंतर बघू असं मनाशी म्हटलं. नंतर बघू म्हणण्यात थोडी भीती होती हे आता कबूल करते.

गाळटाकीच्या तोंडाशी जाण्यात अर्थ नव्हता. तिथं मी दर सोमवारी पाणी मोजत होते आणि ते ठीक येत होतं. मग चुन्याचं पाणी ओढ्यात येतंय कुठून? म्हणून ओढ्यातून उलटी वर चालत गेले, पट्ट्या बुडवत. दगडापाशी 11. त्याच्या वर, जिथं आमचा वरचा चर ओढ्याला मिळतो, तिथंही 11. चर ओलांडून चार पावलं वर ओढ्यात 8. म्हणजे चर.

या चराबद्दल सांगायला हवं, कारण तो माझ्या आवडीचा होता. बांधकामाच्या जागी पाण्याचं पहिलं तत्त्व असं की स्वच्छ पाणी स्वच्छ राहू द्यायचं. वरच्या उतारावरून येणारं पावसाचं पाणी साइटच्या मातीत शिरलं की तेही गढूळ होतं आणि गाळटाकीवर भार वाढतो. म्हणून साइटच्या वरच्या अंगाला चर खोदून ते पाणी बाहेरच्या बाहेर ओढ्यात सोडायचं, गाळटाकीला वळसा घालून. आराखड्याच्या नकाशात तो निळ्या रंगानं काढला होता. पाहुणे आले की मी मुद्दाम तिकडे न्यायची.

त्या चराच्या काठाकाठानं वर गेले. अर्ध्या वाटेवर तळ राखाडी दिसायला लागला, मग पांढरट, मग चक्क दगडासारखा कडक पापुद्रा. बुटानं ठोकलं तर टणक लागला. वरच्या गेटपाशी एक मिक्सर उभा होता, ड्रायव्हर मागच्या पन्हळीवर पाइप धरून होता आणि राखाडी पाणी थेट चरात पडत होतं. लपूनछपून काही नाही. मला बघून त्यानं हात वर करून नमस्कारही केला.

"काका, इथं का धुताय? धुवायचा खड्डा आहे ना आपला?"

"आहे की. खालच्या गेटला." त्यानं पाइप खाली केला. "खालचं गेट तुम्हीच बंद केलं ना मॅडम?"

खरंच, मीच केलं होतं.

आधी मिक्सर खालच्या गेटनं यायचे, वस्तीला लागून. लोकांनी धुळीची आणि रात्रीच्या आवाजाची तक्रार केली. मी मोजलं. रात्री घरांजवळ 45 डेसिबलच्या वर जायचं नाही असं आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, आमचा आकडा त्याच्या बराच वर होता. धुळीचीही तीच गत. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये पीएम10 साठी, म्हणजे श्वासातून आत जाणाऱ्या बारीक धुळीसाठी, 24 तासांची पातळी घनमीटर हवेत 45 मायक्रोग्रॅमवर आणली, आमच्या वाटेवरचा आकडा त्याच्याही वर जायचा. मी भांडून ते गेट अवजड गाड्यांना बंद करून घेतलं आणि मिक्सर वरून आणायला लावले. वस्तीतले लोक खूश, मी खूश. धुवायचा खड्डा मात्र खालीच राहिला. प्लॅस्टिक अंथरलेला, फलक लावलेला, आणि गेले दोन महिने ठणठणीत कोरडा. कोरडा खड्डा दिसल्यावर निदान एक प्रश्न पडायला हवा होता. मी तपासणीच्या कागदावर "खड्डा सुस्थितीत" अशी खूण करत होते.

ड्रायव्हरवर चिडण्यात अर्थ नव्हता. काँक्रीट प्लांटमधून निघाल्यापासून ठरलेल्या वेळेच्या आत ओतायचं, ओतून झालं की पन्हळीवरचं काँक्रीट कडक व्हायच्या आत धुवायचं, नाहीतर छिन्नीनं काढत बसायचं. खालपर्यंत जायला साइट ओलांडावी लागते आणि पावसानंतर चाक रुतलं की अर्धा दिवस गेला. समोर आयता चर होता. प्रत्येकाच्या दोन-तीन बादल्या, पण गाड्या किती आणि दिवस किती. सिमेंटचं धुवणं म्हणजे चुन्याची निवळी, ताज्या पाण्याचा पीएच 12 च्या वरही जातो. त्यात उन्हाळ्याचा ओढा, करंगळीएवढी धार. मिसळून पातळ व्हायला पाणीच नव्हतं.

प्रोजेक्ट मॅनेजरना स्लॅबवरच गाठलं. स्लॅब थांबवणार नाही, हे त्यांचं पहिलं वाक्य. चिडायच्या तयारीनं गेले होते, पण ते बरोबर होते. अर्धा ओतलेला स्लॅब सोडला तर जुन्या-नव्या काँक्रीटचा सांधा कच्चा राहतो, आणि ज्यांचं राहतं घर धरणाच्या पाण्याखाली जाणार आहे त्यांच्या डोक्यावर तसलं छत नको. मी म्हटलं, "स्लॅब चालू दे, चर बंद करते. आठ माणसं द्या, एक लोखंडी कचरापेटी द्या आणि पाण्याचा टँकर." त्यांनी आकाशाकडे बघितलं. चर बंद केला आणि वरून पाऊस आला तर उताराचं सगळं पाणी साइटमध्ये शिरणार. "किती वेळ?" "संध्याकाळपर्यंत." "घ्या."

पुढचं पटापट झालं. ओढ्याच्या अलीकडे चरात वाळूच्या गोण्यांचा बांध, मागं साठलेलं पाणी पंपानं टँकरमध्ये, टँकर खालच्या कोरड्या खड्ड्यात रिकामा. वरच्या गेटला कचरापेटीत दुहेरी प्लॅस्टिक घालून पन्हळी तिथं धुवायची. एका पोरानं पाण्यात ॲसिड टाकून चुना मारू का म्हणून विचारलं, फरशी धुवायचं त्याच्याकडे होतं. मी जवळजवळ ओरडलेच. जोरकस ॲसिड चुकून जास्त पडलं की पाणी उलट्या बाजूला जातं, मग ओढ्यात उरलंसुरलं तेही मरतं. चरातला पापुद्रा कुदळीनं फोडून गोण्यांत भरला, कारण तो तिथंच राहिला असता तर पुढचा प्रत्येक पाऊस त्यातून चुना धुवून नेत राहिला असता. दुपारी चारला चार थेंब पडले. आठ माणसं, मी आणि प्रोजेक्ट मॅनेजर सगळे मान वर करून उभे. थेंब थांबले.

संध्याकाळी सामाजिक विभागातल्या सहकाऱ्याला घेऊन वस्तीत गेले. दगडाजवळच्या डोहात बोटाएवढे मासे उलटे तरंगत होते, पोरं काडीनं ढोसत होती. धुण्याला, गुरांना हे पाणी नको, उद्यापासून टँकर येईल, हातांसाठी डॉक्टर येतील, असं सांगितलं. चूक आमची आहे हेही सांगितलं. बहुतेक जण गप्प होते. एक आजोबा म्हणाले, "अजून ती माणसं राहायला आली पण नाहीत आणि आमचं पाणी गेलं."

हे वाक्य मला दिवसभरातल्या सगळ्यांत जड गेलं. येणाऱ्या लोकांचा यात काय दोष? त्यांनी हा ओढा बघितलेलाही नाही. पण पुनर्वसनाच्या घरांची प्रत्येक गोणी, प्रत्येक गाडी, प्रत्येक घाण शेजारच्यांच्या हिशेबात त्यांच्याच नावावर चढते. घरं त्यांना, धूळ आम्हाला. मग ते ट्रकमध्ये भांडीकुंडी घालून येतात तेव्हा भांडण आधीच येऊन बसलेलं असतं.

रात्री केबिनमध्ये तक्रारवही उघडली. आम्ही जागतिक बँकेची पर्यावरण आणि सामाजिक मानकं आधाराला घेतली होती. त्यातलं तिसरं प्रदूषणाचं, पाचवं पुनर्वसनाचं, दहावं लोकांशी बोलण्याचं आणि तक्रारींचं. आमच्याकडे त्यांच्या तीन फायली, तीन कपाटं, दोन विभाग. तक्रार सहकारी लिहून घ्यायचा, "प्रकार" या रकान्यात शेरा मी भरायची.

तीन नोंदी सापडल्या. सहकाऱ्याच्या अक्षरात तिचेच शब्द होते: "पाणी बुळबुळीत लागते. हात सोलतात." पहिल्या नोंदीपुढे माझ्या अक्षरात: "गढूळ पाणी. गाळटाकीची मोजणी योग्य. बंद." दुसऱ्या नोंदीपुढेही तेच. तिसऱ्यापुढे नुसतं "वरीलप्रमाणे". प्रकाराच्या यादीत धूळ, आवाज, गढूळ पाणी, कचरा, रस्ता एवढंच छापलं होतं. बुळबुळीत नव्हतं, म्हणून मी जवळचं उचललं. सिमेंटच्या पाण्यानं कातडीवरच्या चरबीचा साबण होतो आणि म्हणून ते निसरडं लागतं, हे मी कॉलेजात शिकलेय.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन तिच्या दारात गेले. तिन्ही नोंदी तिच्यासमोर पुन्हा उघडल्या आणि नवी लिहिली. तिनं नातवाला बोलावलं. "वाच रे काय लिहिलंय ते." त्यानं अडखळत वाचलं. "बुळबुळीत" आलं तेव्हा तिनं मान हलवली आणि अंगठा पुढे केला.

मग आम्ही ओढ्यावर गेलो. मी पट्टी काढेपर्यंत तिनं डोहात दोन बोटं बुडवून अंगठ्यावर घासली होती.

"अजून आहे," ती म्हणाली. पट्टी 10 दाखवत होती.

चौथ्या दिवशी, एक चांगला पाऊस होऊन गेल्यावर, तिनं बोटं घासली, परत घासली, पदराला पुसली. "गेलं." पट्टी 8 वर थांबली होती. धुणं घेऊन ती अजून आठवडाभर टँकरवरच जात होती.