किरिंगची कटकट

एका पतसंस्थेतली लिनक्स मशीन्स मी सांभाळतो. परवा तिथल्या अकाउंटंट मॅडमनी बोलावलं. "दादा, सकाळी मशीन चालू केलं की क्रोम किरिंगचा पासवर्ड मागतं. पलीकडच्या काउंटरवर नाही मागत. माझंही तसंच करून द्या ना."

त्यांच्या मशीनवर ऑटोमॅटिक लॉगिन होतं. किरिंग म्हणजे क्रोमसारखे प्रोग्राम आपली चावी ठेवतात ती लिनक्समधली कुलूपबंद पेटी. लॉगिनला टाइप केलेल्या पासवर्डनेच ती उघडते. तो टाइपच झाला नाही, तर क्रोम तिच्याकडे गेलं की पासवर्डची चौकट येणारच. पण ऑटोमॅटिक लॉगिन पलीकडेही होतं, मग तिथे चौकट का नाही?

तिथे क्रोम चालू करणाऱ्या लाँचरच्या फाइलमध्ये कुणीतरी 'पासवर्ड-स्टोअर=बेसिक' हा पर्याय घालून ठेवला होता. शिवाय ती फाइल होम फोल्डरमध्ये कॉपी केलेली, म्हणजे अपडेट आलं तरी पर्याय जागच्या जागी. बेसिक असलं की क्रोम किरिंगकडे जातच नाही. पासवर्ड एन्क्रिप्ट होतात खरे, पण ज्या 'पीनट्स' या शब्दापासून चावी बनते तो क्रोमियमच्या खुल्या सोर्स कोडमध्येच लिहिलेला आहे. चावी बनवताना त्यात मिसळायचा मजकूर, म्हणजे सॉल्ट, तोही ठरलेला, 'सॉल्टीसॉल्ट'. जगात कुठेही बेसिक लावा, चावी तीच.

मॅनेजरांना हे तोंडी पटेना. त्यांच्याच ड्रॉवरमध्ये त्या काउंटरच्या होम फोल्डरच्या बॅकअपची डिस्क होती. त्यांना विचारून ती माझ्या लॅपटॉपला लावली. क्रोम पासवर्ड ठेवतं ती 'लॉगिन डेटा' ही साधी एसक्यूलाइट डेटाबेसची फाइल. पायथनच्या छोट्या स्क्रिप्टने जीएसटी पोर्टलपासून ईमेलपर्यंत सगळे पासवर्ड समोर आले.

"अहो, पण मशीन तर तिकडे आहे!"

मशीन लागतच नाही. किरिंग असती तर बॅकअपमध्ये तिची फाइलही आली असती, पण लॉगिन पासवर्डने बंद. अर्थात लॉगिन झाल्यावर त्या खात्यातला कुठलाही प्रोग्राम तिच्याकडून चावी मागू शकतो, म्हणून उठताना स्क्रीन लॉक करा, हे मी तिथे नेहमी बडबडत असतो.

बेसिक काढलं, दोन्हीकडचं ऑटोमॅटिक लॉगिन बंद केलं, मॅडमच्या किरिंगचा पासवर्ड लॉगिनचाच ठेवला. आता सकाळी एकदाच टाइप करायचं. मॅडमची कुरकुर झाली, पण चौकट गेली म्हणून चालवून घेतलं.

एवढ्याने भागत नव्हतं. जुन्या नोंदी 'व्ही१०' खुणेच्याच, म्हणजे त्या ठरलेल्या चावीच्याच राहतात आणि बॅकअपमधल्या तर कायमच्या वाचता येण्याजोग्या. म्हणून त्या काउंटरचे सगळे पासवर्ड बदलायला लावले. नवे सेव्ह झाले तसे 'व्ही११' खुणेने, म्हणजे किरिंगमधल्या चावीचे, दिसू लागले. एक तेवढा राहिला. त्याचा ओटीपी अध्यक्षांच्या मोबाइलवर जातो आणि अध्यक्ष लग्नाला गेले होते.