न विचारता घेतलेली पोचपावती

रजिस्टर्ड पत्राची पोचपावती पोस्टमन आपल्यापुढे धरायचा, आपण सही करायचो आणि मगच ती पाठवणाऱ्याकडे परत जायची. ईमेलमध्येही वाचल्याची पावती मागण्याची सोय जुनी आहे आणि ती मागितली गेल्यास बरेच ईमेल प्रोग्रॅम आपल्याला तसे विचारतात, तेव्हा नकार देता येतो. माझा आक्षेप आहे तो आपल्याला न विचारता परस्पर वसूल होणाऱ्या पावतीला.

परवा एका दुकानाच्या सवलतीच्या ईमेलचा मूळ कोड उघडून पाहिला. अगदी तळाशी, ‘अनसबस्क्राइब’च्याही खाली, रुंदी १ पिक्सेल आणि उंची १ पिक्सेल असलेले एक पारदर्शक चित्र होते आणि त्याच्या पत्त्याला अक्षरांची लांबलचक माळ जोडलेली होती. असे चित्र ईमेलसोबत येत नाही, ईमेल उघडला की ते पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून, म्हणजे दूरच्या संगणकावरून, मागवले जाते. आणि ती माळ प्रत्येकासाठी वेगळी असल्यामुळे कोणी, केव्हा, कोणत्या उपकरणावर ईमेल उघडला याची नोंद आपोआप होते, शिवाय आयपी पत्त्यावरून, म्हणजे आपल्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, ठिकाणाचाही अंदाज बांधता येतो.

जाहिरातदारांचे हे तंत्र खाजगी पत्रव्यवहारात शिरले की काय होते, ते २०१९ मध्ये ‘सुपरह्यूमन’ या तेव्हा महिना ३० डॉलर घेणाऱ्या अमेरिकन ईमेल सेवेच्या निमित्ताने दिसले. तिच्या ग्राहकाला आपला ईमेल समोरच्याने किती वेळा, कधी आणि साधारण कोणत्या भागातून उघडला हे कळत असे, आणि ही सोय मुळातच चालू ठेवलेली होती. डिझायनर माइक डेव्हिडसन यांनी त्यावर सडकून टीका केल्यावर कंपनीचे प्रमुख राहुल व्होरा यांनी माफी मागितली, ठिकाणाची नोंद थांबवली आणि वाचल्याची खूण मुळात बंद ठेवण्याचे जाहीर केले. मात्र हवी असल्यास ती चालू करण्याचा अधिकार पाठवणाऱ्याकडेच राहिला. एखाद्या बाईचा पिच्छा पुरवणाऱ्या माणसाच्या हाती ही खूण पडली तर तिने उत्तर न देण्यालाही काही अर्थ उरत नाही, कारण ईमेल उघडल्याचे त्याला कळलेलेच असते.

जीमेल २०१३ पासून चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत दाखवते, त्यामुळे आयपी पत्ता झाकला जातो. ईमेल उघडल्याचे मात्र तरीही कळू शकते. ॲपलने २०२१ मध्ये याच्या पुढचे पाऊल टाकले. तिच्या मेल ॲपमधील संरक्षण चालू असेल तर ईमेल वाचला जावो वा न जावो, चित्रे आधीच मागवून ठेवली जातात, आणि त्यामुळे ‘इतक्या टक्के लोकांनी उघडला’ असे सांगणारे आकडे बरेचसे निरर्थक ठरतात. मला हा उपाय अधिक पटतो, कारण त्यात प्राप्तकर्त्याला प्रत्येक ईमेलगणिक पहारा द्यावा लागत नाही.

जीमेल वापरणाऱ्यांना सेटिंग्जमध्ये बाहेरची चित्रे दाखवण्यापूर्वी विचारण्याचा पर्याय निवडता येतो. मी तो निवडला आहे. काही ईमेल त्यामुळे ओकेबोके दिसतात, पण ज्याची चित्रे खरोखर पाहायची आहेत असा ईमेल क्वचितच येतो.