दोन सेकंद थांबली आणि मग आली

सोमवार, रात्री उशिरा

आज ठमी, माझी बीगल जातीची कुत्री, आली. एकदाच शिट्टी वाजवली आणि आली. ज्यांची कुत्री हाकेसरशी धावत येतात त्यांना वाटेल यात काय एवढं, पण मी साडेचार महिने या एका गोष्टीसाठी रोज मैदानावर उभी राहतेय त्यामुळे हे लिहून ठेवल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

झालं असं की मैदानाच्या कडेला झुडपांपाशी तिला कसला तरी माग लागला होता. शेपूट ताठ, नाक जमिनीला चिकटलेलं, श्वासाचा तो फुसफुस आवाज. बीगल ज्यांनी पाळलंय त्यांना ही अवस्था माहितीये, तेव्हा हाक मारणं म्हणजे भिंतीशी बोलणं. दहा मीटरची लांब दोरी हार्नेसला होती पण मी ती हातातून सोडून नुसती जमिनीवर घासत ठेवली होती. एकदा छोटी शिट्टी वाजवली आणि गप्प उभी राहिले. ती थांबली. नाक वर केलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, समोर बघत तशीच उभी, साधारण दोन सेकंद. आणि मग वळली आणि कान उडवत सुसाट माझ्याकडे. मी उकडलेल्या चिकनचे पाच तुकडे एकेक करून दिले, आणि लगेच "जा, हुंग!" म्हणून तिच्यासोबत त्याच झुडपाकडे पळत गेले. तिचा चेहरा! म्हणजे कुत्र्याला चेहरा असतो की नाही यावर कोणी वाद घालू दे, मला तो दिसला.

ते दोन सेकंद मला धावत येण्यापेक्षा जास्त मोलाचे वाटतायत. तिने विचार केला आणि मग मला निवडलं.

बुधवार

परवाचं डोक्यातून जात नाहीये, म्हणून मागचं पण लिहून काढते.

ठमी सव्वा वर्षाची असताना मी तिला ठार हट्टी ठरवलं होतं. घरात बस म्हटलं की बसायची, पाय दे म्हटलं की द्यायची, आणि दाराबाहेर पडलं की मी कोण हेच तिच्या लक्षात राहायचं नाही. एका ट्रेनरने सांगितलं की ती तुमच्या डोक्यावर बसलीये, तुम्ही अल्फा, म्हणजे कळपाचा पुढारी, व्हायला हवं, पट्ट्याला झटका द्या, ऐकलं नाही की दाबून खाली पाडा आणि हार मानेपर्यंत सोडू नका. आणि मी ते केलं. दोन आठवडे केलं. हे लिहिताना आत्ताही पोटात कालवतं, कारण दोन आठवड्यांनी ती मैदानात माझ्याजवळ यायचीच बंद झाली, हात पुढे केला की मान खाली घालून बाजूने निघून जायची. मी म्हणायचे बघा किती अडेलतट्टू आहे. ती फक्त मला टाळत होती.

अल्फाची भानगड नंतर वाचली. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांचं निरीक्षण केलं होतं, त्यातून ती वर्चस्वाची कल्पना पसरली. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक, ज्यांच्या लिखाणातून हा शब्द घराघरांत गेला, त्यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे सहसा आई, बाप आणि त्यांची पोरं, कुटुंबच ते, तिथे कोणी मारामारी करून पुढारी होत नाही. मग मी कुठल्या लांडग्याची नक्कल करत होते? आणि २०२० मध्ये पोर्तुगालमधला एक अभ्यास आला, ९२ पाळीव कुत्र्यांचा. ओरडणं, झटके वगैरे वापरणाऱ्या क्लासमधल्या कुत्र्यांमध्ये ट्रेनिंगच्या वेळी ताणाची लक्षणं जास्त दिसली, लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) ट्रेनिंगनंतर जास्त वाढलेलं आढळलं, आणि अशा पद्धती जास्त प्रमाणात वापरणाऱ्या क्लासमधली कुत्री तर अनोळखी जागी ठेवलेल्या भांड्यात खाऊ असेल की नाही हे बघायला जातानाही कमी आशेने जात होती. हे वाचून मी ठमीची बाजूने निघून जाणारी पाठ आठवत बसले होते.

हट्टी या शब्दाचा मला आता राग येतो. बीगल ही जात माणसांनी कशासाठी घडवली, तर टोळीने सशाचा माग काढायला. माणूस मागे, कुत्री पुढे, वास कुठे वळला हे कुत्र्यानेच ठरवायचं, दर दहा पावलांवर मागे वळून मालकाचं तोंड बघणारं कुत्रं तिथे काय कामाचं. कळप राखणारी मोठी कुत्रीही तशीच, धनगर झोपलेला असताना रात्री काय करायचं ते त्यांनीच ठरवायचं. टेरियर बिळात एकटे शिरायचे, आत कोण सूचना देणार? उलट बॉर्डर कॉली मेंढपाळाच्या शिट्टीवर आणि इशाऱ्यावर काम करायला घडवलेली. १९९४ साली मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी जातींची जी प्रसिद्ध क्रमवारी काढली तिच्यात बॉर्डर कॉली पहिली, अफगाण हाउंड शेवटचा आणि बीगल तळाच्या दहांमध्ये. लोक ती हुशारीची यादी म्हणून सांगतात पण ती आज्ञा पाळण्याच्या स्पर्धांच्या परीक्षकांना विचारून केलेली होती, म्हणजे सांगितलेलं किती पटकन आणि किती वेळा ऐकतो याची. शेकडो वर्षं आपण यांना स्वतःच्या डोक्याने वाग म्हणून निवडलं आणि आता स्वतःच्या डोक्याने वागतात म्हणून नावं ठेवतो.

मग खाऊ देऊन शिकवायला लागले आणि सुरुवातीला तेही जमलं नाही. का जमलं नाही हे जास्त महत्त्वाचं आहे.

एक तर मी आधी खाऊ दाखवायचे. खिशातून काढून "हे बघ काय आहे, ये ये ये". ती बघायची, तुलना करायची आणि जायची. ही लाच झाली. बक्षीस नंतर येतं, आधी काम, मग लगेच एक खुणेचा आवाज (मी क्लिकर वापरते, दाबलं की टक असा आवाज करणारी छोटी डबी, पण कुठलाही एकच छोटा शब्द चालतो), मग खाऊ. तो आवाज बरोबर त्याच क्षणी यायला हवा, कारण दोन-तीन सेकंद उशीर झाला की तोवर ती दुसरंच काहीतरी करत असते आणि शाबासकी त्याला मिळते. मी आठवडाभर रिकाम्या खोलीत नुसतं टायमिंग शिकले, हातातला चेंडू जमिनीला टेकला की क्लिक, टेकला की क्लिक.

दुसरं म्हणजे "ये" हा शब्द मीच नासवला होता. मैदानात मी "ठमी ये" कधी म्हणायचे? घरी जायची वेळ झाली की. म्हणजे ये चा अर्थ तिच्यासाठी मजा संपली. त्यावर नंतर रागावणंही जोडलं गेलं. तो शब्द मी टाकून दिला आणि शिट्टी घेतली, जिच्यात माझा रागाचा सूर येऊच शकत नाही. आधी दोन फुटांवरून घरात, मग दुसऱ्या खोलीतून, मग गॅलरीत, मग रिकाम्या मैदानात दोरीवर. आणि दहा वेळा आली तर नऊ वेळा तिला परत सोडून द्यायचं, फक्त एकदाच घरी. शिट्टी एकदाच वाजवायची. पाच वेळा वाजवली तर ती पाचव्या वेळेची वाट बघायला शिकते, हे मी आधीच्या शब्दाबरोबर शिकवून बसले होते.

तिसरी गोष्ट कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला. खाऊ पुरत नव्हता. घरात कोरड्या दाण्यावर काम करणारी ठमी बाहेर चिकनकडेही बघायची नाही, तोंडात धरून थुंकून द्यायची. मला वाटायचं हिला काही नकोच आहे. मग मला एका रकूनची (अमेरिकेतला एक छोटा रानटी प्राणी) गोष्ट वाचायला मिळाली. केलर आणि मॅरियन ब्रेलंड हे जोडपं, बक्षिसाने वागणं कसं घडतं याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ स्किनरचे विद्यार्थी, शेकडो प्राण्यांना शिकवलेली माणसं. त्यांनी एका रकूनला नाणी उचलून डब्यात टाकायला शिकवलं. एक नाणं कसंबसं टाकायचा, पण दोन दिली की ती डब्यात अर्धी बुडवायचा, बाहेर काढायचा आणि एकमेकांवर घासत बसायचा, मिनिटंच्या मिनिटं, भूक लागलेली असून आणि खाऊ मिळत नसून. कारण रकून खाणं हातात घोळवून चोळतो, ती त्याच्या अंगातली गोष्ट. १९६१ मध्ये त्यांनी हे लिहून काढलं, की बक्षिसाने सगळं घडवता येतं असं नाही, प्राणी आपल्या मूळ सवयीकडे सरकत जातो.

हे वाचून मी आधी खचले होते, मग उलटं लक्षात आलं. ठमीचं ते घासणं म्हणजे हुंगणं. मग त्याच्याशी भांडायचं कशाला, तेच बक्षीस का नाही द्यायचं? मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ साली लहान मुलांवर केलेला एक साधा प्रयोग आहे, एकीकडे गोळ्या-चॉकलेट आणि एकीकडे पिनबॉलचं यंत्र. काही मुलं खाऊसाठी यंत्र खेळायची, आणि ज्यांना खेळच जास्त आवडायचा ती खेळायला मिळावं म्हणून जास्त खाऊ खायची. म्हणजे बक्षीस काय हे देणारा ठरवत नाही. मी एक कागद घेऊन ठमीला काय काय आवडतं ते लिहिलं: ओल्या गवतात लोळणं, झुडपाखाली नाक घालणं, पुठ्ठा फाडणं, मी पळाले की माझ्या मागे पळणं, आणि मग चिकन, चीज. मी जे बक्षीस म्हणून देत होते, डोक्यावर थोपटणं, ते यादीत नव्हतंच, हात डोक्यावर आला की ती मान चुकवते हे मी कितीदा तरी बघितलेलं होतं.

तेव्हापासून झुडूप हाच पगार. बघ माझ्याकडे, क्लिक, जा हुंग. चार पावलं दोरी सैल ठेवून चाल, क्लिक, जा हुंग. घरी पाच मिनिटांच्या वर ट्रेनिंग नाही. खाऊचे तुकडे वाटाण्याएवढे आणि तेवढं जेवणातून वजा, कारण बीगलचं वजन वाढायला वेळ लागत नाही.

शनिवार

आज नाही आली.

तेच मैदान, तीच झुडपं, पण रात्री पाऊस होऊन गेलेला आणि जमिनीतून वास नुसते उसळत असणार. शिट्टी वाजवली, ती थांबलीसुद्धा नाही. मन इतकं खट्टू झालं की हात शिट्टीकडे परत गेलाच होता, पण नाही वाजवली. दोरीचं टोक उचललं, ओढलं नाही, नुसती दोरी गोळा करत करत तिच्यापर्यंत चालत गेले आणि शेजारी उकिडवी बसून राहिले. ती हुंगत होती, मी बघत होते. एक-दीड मिनिटाने तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं, तिच्या मनाने, मी काही न म्हणता. क्लिक केलं. चीज दिलं. आणि म्हटलं जा.

चूक माझी होती, एवढ्या ओल्या सकाळी मी तिच्याकडे कोरड्या दिवसाइतकंच मागितलं, तेही पंचवीस पावलांवरून. उद्याही जमीन ओली असेल, तर उद्या पाच पावलांवरून.

आत्ता माझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपलीये आणि झोपेत नाक हलतंय.