मान आणि हृदय एकाच ऑपरेशनमध्ये: आम्ही अडकलो ते मंजुरीपाशी

आप्पांची बायपास ठरली होती. भूलतज्ज्ञांनी विचारलं, हातापायातली ताकद कधी गेली होती का? आदल्याच आठवड्यात उजवा हात काही मिनिटं गळून गेला होता, जीभ अडखळली होती, मग सगळं ठीक. लगेच मानेच्या रक्तवाहिन्यांच्या तपासण्या, डॉपलर आणि सीटी अँजिओ, झाल्या. डावी कॅरोटिड, म्हणजे मेंदूकडे रक्त नेणारी मानेतली वाहिनी, ८० टक्के अरुंद! सर्जन म्हणाले, नुसती बायपास केली तर अर्धांगाची भीती, नुसती मान केली तर हार्ट अटॅकची. म्हणून एकाच भुलीत आधी मानेची रक्तवाहिनी साफ करू, मग बायपास. यातही जोखीम आहे, हे त्यांनी लपवलं नाही. आम्ही सही केली.

आणि कॅशलेसपाशी थांबलो.

विमा कंपनीची क्वेरी आली: मानेची शस्त्रक्रिया नंतर का करता येणार नाही? उत्तर पाठवलं, तर डॉपलरचा रिपोर्ट मागितला. तो पहिल्याच दिवशी दिला होता! प्रत्येक उत्तरानंतर फाईल नव्या माणसाकडे. फोनवर एकच वाक्य, "प्रोसेसमध्ये आहे, सर." हात गळण्याच्या अशा झटक्यानंतर पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, हे डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि इथे दिवस जात होते. २०२४ पासून कॅशलेसचा निर्णय तासाभरात द्यावा असा आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा, नियम आहे. तो दाखवला, तरी ढिम्म.

शेवटी सर्जननी स्वतः पत्र लिहिलं: झटका कधी आला, कुठल्या बाजूला, मान किती टक्के अरुंद, हृदयाच्या कुठल्या वाहिन्या बंद, दोन्ही वेगवेगळं केल्यास धोका काय. संध्याकाळी मंजुरी आली. असं पत्र पहिल्याच अर्जासोबत जोडा. दुसऱ्या शस्त्रक्रियेचे पूर्ण पैसे मिळतात का, तेही पॉलिसीत बघून ठेवा.

रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणाऱ्या गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल कधी बंद करायची, ॲस्पिरिन चालू ठेवायची का, हे डॉक्टरांनाच विचारा. आपल्या मनाने काही थांबवू नका. आणि झटका न येता एकाच बाजूची मान अरुंद असेल, तर बहुतेकदा हे जोड-ऑपरेशन लागत नाही.

आप्पा शुद्धीवर आले तेव्हा नर्सनी जीभ बाहेर काढायला, हात दाबायला सांगितलं. त्यांनी उजव्या हाताने माझी बोटं घट्ट आवळली. आता ते रोज चालायला जातात. कंपनीविरुद्ध मी आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली आहे आणि ती मागे घेणार नाही.