पैठणीची उलटी बाजू
परवा मावशीसोबत पैठणला गेलतो, तिला साडी बघायची होती अन् मी आपला कंटाळून मागापाशी जाऊन बसलो. विणणाऱ्या काकांनी पदरावरचा मोर दाखवला, म्हणलं भारीये, तर म्हणे उलटून बघ की. उलटलं तर मागूनपण सेम टू सेम मोर! एक धागा लोंबत नाही. कारण प्रत्येक रंगाची छोटी वेगळी कांडी असते, चोचीचा लाल धागा चोचीपुरताच जातो, शेजारच्या जरीत अडकतो अन् तिथूनच माघारी फिरतो. जॅकार्डवरच्या (म्हणजे नक्षी आपोआप विणणाऱ्या मागावरच्या) स्वस्त साडीत मागं सुटे धागे दिसतात, त्यामुळं हातविणीची ओळखायची तर आधी साडी उलटी करा (दुकानदार तोंड वाकडं करील, करू द्या).

घरी येऊन हे जॅकार्ड काय ते शोधत बसलो. १८०४ चा फ्रान्समधला जुगाड, पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पाडायची, भोक असलं की ताणा (उभा धागा) वर, नसलं की खालीच, म्हणजे कॉम्प्युटरचं शून्य-एकच झालं की हो! हीच कार्डांची आयडिया नंतर चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानं १८३० च्या दशकात आपल्या गणितयंत्रासाठी उचलली. वाचता वाचता रात्रीचा एक वाजला.

मावशीनं साडी घेतलीच नाही, भाव ऐकला अन् पाणी पिऊन उठली.