एक सीट कमी

काळी-पिवळी भरल्याशिवाय हलत नाही आणि रिकाम्या काळी-पिवळीत पहिलं कोणी बसत नाही. मग ती भरते कशी? परवा जिंतूरला, भर दुपारी रसवंतीच्या सावलीत मला हा प्रश्न पडला. समोर जीप, दारं सताड उघडी, आणि परभणीला निघालेले आम्ही सगळे तिच्याकडं पाठ करून उभे. जणू कोणालाच कुठं जायचं नाही.

ड्रायव्हरकडं यावर इलाज असतो. त्याचेच दोन दोस्त मधल्या सीटवर बसवायचे, एकाच्या मांडीवर पिशवी द्यायची आणि ओरडायचं, "चला परभणी, परभणी! एकच सीट कमी!" आपण चढलो की दोघं तंबाखू थुंकायला म्हणून उतरतात, ते थेट पानटपरीवर. हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी चढतो.

आजोबा नाही फसायचे. ते हॉटेलातल्या बाकड्यावरून जीपमधली डोकी मोजत. चहा बशीत ओतून ठेवलेला, पण पीत नसत. मी चुळबुळ करायचो. शेवटची जागा उरली की बशी एका दमात रिकामी, धोतराचा सोगा सावरत म्हणायचे, "चल, आता आपल्यावाचून अडलंय." आत घामाघूम झालेली माणसं इतक्या आनंदानं सरकून घेत, की पाहुणेच आलेत. माझं तिकीट नसायचं; मी कोणाच्या तरी मांडीवर.

प्रवाशांच्या वागण्याचा अभ्यास करणारे सांगतात, की गाडीत गेलेल्या मिनिटापेक्षा वाट बघण्यात गेलेलं मिनिट माणसाला जवळजवळ दुप्पट जड जातं. हर्बर्ट मोहरिंग या अर्थतज्ज्ञानं १९७२ साली बसचं गणित मांडलं ते या थांबण्यावरूनच : प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात, आणि फेऱ्या वाढल्या की सगळ्यांचंच ताटकळणं कमी होतं. म्हणजे चढणारा प्रत्येक जण दुसऱ्याचं भलं करतो. आजोबा तर शेवटी चढून वर मानही घ्यायचे.

आता जीप भरायला आणखी वेळ लागतो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आमची आत्या जीपकडं बघतसुद्धा नाही. स्टँडवर तास-तास बसते. मी तिला ते दुप्पट मिनिटाचं शास्त्र सांगून पाहिलं. म्हणलं, वीस-तीस रुपयांसाठी एवढा वेळ घालवतेस, त्याची काही किंमत?

"माह्या येळाचे कोण पैशे द्यायलंय रे?" ती म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली.

पुस्तकांत वेळेचा भाव बहुतेक मजुरीवरून धरतात. आत्यानं जन्मभर खुरपलं, वेचलं, काढलं. मजुरी कोणी दिली नाही. शेत घरचंच होतं.